रात्रीची लाईट, लाल दिवा आणि पीएचडीचा आराखडा: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातली विद्यार्थिनी, शेतकरी आणि फीडर (सबस्टेशनहून शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी) म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती किंवा ठिकाण नाही. अडचणी, आकडेमोड आणि नियम मात्र खरे आहेत. प्रायोगिक मानसशास्त्रात किंवा न्यूरोसायन्सच्या अंगाने पीएचडी करू पाहणाऱ्याला मराठवाड्यात बसून काय जमतं, कुठे घसरायला होतं आणि का, हे एका आराखड्याच्या आधारे पाहायचं आहे.

परिस्थिती

विद्यार्थिनी एम.ए. मानसशास्त्र आहे, तासिका तत्त्वावर शिकवते. यूजीसीच्या नेट परीक्षेत फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरली, म्हणजे जेआरएफ ही संशोधनवृत्ती नाही. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या गटात बसणाऱ्यांसाठी प्रवेशाच्या वेळी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. हे गुण एकच वर्ष चालतात, त्यामुळे विषय घाईत ठरला. घाईतला विषय असा: 'रात्रीच्या सिंचनाचा शेतकऱ्यांच्या मेंदूवर व मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम: एक अभ्यास'.

विषयाची जागा मात्र अस्सल होती. वसमत तालुक्यातल्या काळ्या रानात रब्बीला हळद, गहू, हरभरा, ऊस पाण्यावर असतो आणि शेतीपंपाची थ्री फेज लाईट आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर जातो, दारं धरतो, वाफा भरला की पाट फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घालतो. तीच माणसं, तेच रान, तेच काम, बदलते ती फक्त वेळ. प्रयोगशाळेत अशी मांडणी करायला पैसे मोजावे लागतात. इथे ती वीज वितरणाच्या वेळापत्रकाने आयती करून ठेवली आहे.

पहिल्या आराखड्यात पाच प्रश्नावल्या होत्या, ३०० चा नमुना होता आणि आपल्याकडे सर्रास दिसणारी २×२ रचना होती: लिंग आणि ग्रामीण-शहरी. रात्रीच्या सिंचनाच्या अभ्यासात शहरी गट कशाला, याचं उत्तर आराखड्यात नव्हतं. आधीच्या कुठल्या तरी प्रबंधातून रचना उचलली की असं होतं.

समितीचा प्रश्न

संशोधन मान्यता समितीसमोर पहिलाच प्रश्न आला: "मेंदूवर परिणाम म्हणता, मग मेंदूचं तुम्ही मोजणार काय?" विद्यार्थिनीने ईईजीचं, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत नोंदवण्याचं नाव घेतलं. यंत्र कुठे आहे, चालवणार कोण, यावर गाडी अडली.

ईईजी शेतावर का टिकत नाही, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. जेल लावून वापरायच्या साध्या इलेक्ट्रोडला त्वचेचा रोध ५ किलोओहमच्या आसपास किंवा खाली आणावा लागतो, आणि डोक्याला रोज खोबरेल असलेल्या माणसाचा तो लवकर उतरत नाही, आधी डोकं धुवावं लागतं. घाम आला की संकेताची रेषा सावकाश वर-खाली वाहत जाते. आखाड्यावर अर्थिंगचा भरवसा नसल्याने ५० हर्ट्झची घरघर प्रत्येक चॅनलवर येते. यावर उपाय आहेत, पण ते बंद, थंड, नीट अर्थिंग असलेल्या खोलीतले आहेत. ज्याला ईईजीच करायचं आहे त्याने जिथे यंत्र रोज चालतं तिथेच प्रवेश घ्यावा. नांदेडहून हैदराबाद जवळ आहे आणि तिथल्या केंद्रीय विद्यापीठात न्यूरल व संज्ञानात्मक विज्ञानाचं केंद्र आहे. इथे राहून 'उसनं यंत्र मिळेल' या आशेवर शीर्षक नोंदवणं म्हणजे सहा वर्षांतली दोन वर्षं पत्रव्यवहारात घालवणं. शीर्षक बदलायचं तर पुन्हा समितीपुढे जावं लागतं.

त्यामुळे प्रश्न उलटा विचारावा लागला. झोप मोडली की वर्तनात सगळ्यात आधी आणि सगळ्यात भरवशाने काय ढासळतं? सतत लक्ष ठेवण्याची क्षमता. ती मोजायची सर्वमान्य चाचणी म्हणजे पीव्हीटी (सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट), डिंजेस आणि पॉवेल यांनी १९८५ मध्ये मांडलेली. दिवा लागला की बटण दाबायचं, एवढंच. दोन दिव्यांमधलं अंतर २ ते १० सेकंदांत कसंही बदलतं, चाचणी १० मिनिटं चालते. ५०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर ती 'चूक', १०० च्या आत दाबलं तर तो प्रतिसाद न धरता 'घाई' म्हणून वेगळा मोजायचा. शिकण्याचा परिणाम जवळजवळ नाही, म्हणून एकाच माणसाला ती पुन्हा पुन्हा देता येते. अक्षरओळखही लागत नाही.

समितीने मान्य केलेलं शीर्षक: 'रात्रीच्या सिंचनाच्या पाळीचा शेतकऱ्यांच्या सातत्यपूर्ण अवधानावर होणारा परिणाम'. 'मेंदू' गेला, 'मानसिक आरोग्य' गेलं. झोपेचा दाब, शरीराचं घड्याळ, कपाळामागच्या आणि वरच्या-मागच्या भागातल्या अवधानाच्या जाळ्याची शिथिलता हे सगळं पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात येतं. निष्कर्षात त्यावर दावा करता येत नाही.

मोबाईलवरची पहिली खेप

पहिली चाचणी मोबाईल ॲपवर झाली, शेतकऱ्यांच्या स्वतःच्या फोनवर. बारा जणांवरची ही खेप जवळजवळ पूर्ण वाया गेली. कारणं तीन.

टचस्क्रीनवर बोट पडल्यापासून ते नोंद होईपर्यंत दहांच्या पटीत मिलिसेकंद जातात आणि हा उशीर फोनगणिक वेगळा असतो. एकाच माणसाचे दोन आठवडे एकाच फोनवर मोजले तर ठरलेला उशीर वजाबाकीत निघून जातो हे खरं. पण मधल्या काळात दोघांचे फोन बदलले. एकाचा मुलगा फोन घेऊन पुण्याला गेला. दुसरं कारण अंगठा. पाण्यात आणि चिखलात रात्र काढलेला, भेगा पडलेला अंगठा स्क्रीनला पहिल्या दाबात कळतच नाही. माणूस वेळेवर दाबतो, फोन ऐकत नाही, तो पुन्हा दाबतो आणि ७०० मिलिसेकंदांची 'चूक' नोंदली जाते. हा दोष नेमका रात्रपाळीनंतरच जास्त येतो, म्हणजे तो परिणामाचंच सोंग घेतो. आकडेवारीत हा पकडता आला नसता. शेजारी बसून अंगठ्याकडे पाहिलं तेव्हा कळला.

तिसरं कारण जास्त शिकवणारं आहे. वेळ वाचवायला ३ मिनिटांची छोटी आवृत्ती घेतली, पण चुकीची मर्यादा ५०० मिलिसेकंदच ठेवली. छोट्या आवृत्तीत दिव्यांमधलं अंतर १ ते ४ सेकंद असतं आणि मर्यादा ३५५ मिलिसेकंद. जुनी मर्यादा ठेवल्याने जवळपास सगळ्यांच्या चुका शून्य-एक आल्या आणि दिवस-रात्रीत फरक दिसेना. साधा हिशोब करून पाहावा. १० मिनिटांत सरासरी ६ सेकंद अंतर आणि साधारण ०.३ सेकंद प्रतिसाद धरला तर ९५ च्या आसपास दिवे लागतात. ३ मिनिटांत ६४. लक्ष सुटायला लागणारा कंटाळाही चाचणी लांबत जाते तसा वाढतो. मैदानात छोटी चाचणी मोहात पाडते, पण एका माणसाला आठवड्यात दोनदाच गाठायचं असेल तर १० मिनिटं परवडतात.

खोकं

पर्याय म्हणून आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), एक लाल एलईडी, मायक्रोस्विच, एसडी कार्डची पट्टी आणि वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळाची पट्टी एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवली. खर्च एका खोक्याला दोन हजारांच्या आत. महाविद्यालयाच्या कपाटात आरसा-रेखाटनाची पेटी धूळ खात असते आणि पदवीचे विद्यार्थी जर्नलमध्ये गेल्या वर्षीचेच आकडे उतरवतात. तिथे एवढा खर्च निघू शकतो.

खोक्यातल्या चुका सांगितल्याच पाहिजेत, कारण त्या प्रत्येकाकडून होतात.

वेळ मोजायला आर्डुइनोच्या 'मिलिस' या आज्ञेऐवजी 'मायक्रोस' वापरावी. १६ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर मिलिसचा आकडा १.०२४ मिलिसेकंदाला पुढे सरकतो, मायक्रोसची पायरी ४ मायक्रोसेकंदांची आहे. यांत्रिक बटण दाबताना काही मिलिसेकंद थरथरतं आणि एका दाबाचे चार दाब होतात. पहिला स्पर्श धरायचा, पुढचे ५० मिलिसेकंद दुर्लक्ष करायचं. यादृच्छिक आकडे देणाऱ्या 'रँडम' या आज्ञेला दर वेळी वेगळा सुरुवातीचा आकडा (बीज) दिला नाही तर खोकं दर वेळी चालू केल्यावर अंतरांचा तोच क्रम देतं. हे महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही, मग कुणीतरी दोन फायली शेजारी ठेवतं.

सगळ्यात लपलेली चूक एसडी कार्डाची. प्रत्येक दाबानंतर फाईल उघडून लिहिली की कार्ड मध्येच शेकडो मिलिसेकंदांपर्यंत अडवून ठेवू शकतं. त्या वेळात माणसाने घाईने दाबलेलं बटण नोंदलंच जात नाही. उपाय सोपा आहे: सगळं मेमरीत ठेवा, शेवटी एकदाच लिहा. नॅनोत मेमरी २ किलोबाइट. कार्डाच्या लायब्ररीला ५१२ बाइट लागतात. ९५ दिव्यांचा प्रतिसाद आणि अंतर, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ३८० बाइट. आरामात बसतं.

पॉवर बँकेने वेगळाच त्रास दिला. खोकं इतकी कमी वीज ओढतं की बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलं नाही' असं समजून अर्ध्या मिनिटात बंद पडतात. चाचणी चौथ्या मिनिटाला मेली की माणूस पुन्हा सुरुवातीपासून बसत नाही, आणि बसवूही नये. सुटे सेल बरे.

दिव्याची चमकही सांभाळावी लागते. तोच एलईडी अंधाऱ्या आखाड्यात ठळक आणि सकाळच्या उन्हात फिका दिसतो, आणि फिका दिवा म्हणजे संथ प्रतिसाद. म्हणून दोन इंची पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आतून काळा रंगवून एलईडीवर टोपीसारखा बसवला. पाइप शेतातच मिळाला.

खोकं खरं सांगतं का, हे दाखवायला दुसरा बोर्ड घ्यायचा. त्याला प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर जोडायचा. दिवा दिसला की त्याने बरोबर २५० मिलिसेकंद थांबून ट्रान्झिस्टरने पहिल्या खोक्याच्या बटणाची दोन टोकं जोडायची, म्हणजे बटण दाबल्यासारखं होतं. हे हजार वेळा. पहिल्या खोक्यातले आकडे २५० च्या एक-दोन मिलिसेकंद आतबाहेर आले पाहिजेत. याचा तक्ता पद्धतीच्या प्रकरणात लावला की तोंडी परीक्षेत 'घरगुती यंत्र' हा शब्द कुणी उच्चारत नाही.

रचना

तुलना माणसाची त्याच माणसाशी: दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी. जोडीच्या टी-चाचणीत मध्यम परिणाम (डीझेड, म्हणजे सरासरी फरक भागिले फरकांचं प्रमाण विचलन, ०.५), अल्फा (नसलेला परिणाम दिसण्याची शक्यता) ०.०५ दुतर्फा आणि ८० टक्के क्षमता (असलेला परिणाम सापडण्याची शक्यता) धरली तर ३४ जण पुरतात. परिणाम ०.४ धरला तर ५२. ३४ वर तीस टक्के गळती धरून ५० ठरले. तीनशेचा आकडा कुठून आला होता, हे कुणाला सांगता आलं नव्हतं.

पण एका फीडरवरच्या सगळ्यांना रात्रीची पाळी एकाच आठवड्यात येते. त्या आठवड्यात थंडीची लाट आली, गावात लग्न किंवा हरिनाम सप्ताह असला, की तो परिणाम आणि रात्रीच्या पाळीचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. म्हणून दोन फीडर घ्यायचे, उलट्या पाळीचे. एकीकडे रात्र असते तेव्हा दुसरीकडे दिवस असतो. प्रत्येकी २५. पूर्ण रचनेत याहून महत्त्वाचा निर्णय दुसरा नाही आणि तो पुस्तकातून सुचत नाही, सबस्टेशनवर लावलेला कागद वाचून सुचतो.

पाणी कशाने देतात हेही नोंदवावं. पाटाने पाणी देणारा रात्रभर दारं धरतो, ठिबकवाला व्हॉल्व्ह फिरवून तास-दोन तास डुलकी काढतो. दोघांनाही 'रात्रपाळी' म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची सरासरी काढणं. अभ्यासात फक्त पाटपाणी घेतलं. त्यात पुरुषच जास्त आले, ते मर्यादांमध्ये लिहायचं.

चाचणीची वेळ दोन्ही आठवड्यांत सकाळी ७ ते ८, कारण शरीराच्या घड्याळाचा स्वतःचा चढउतार असतो. दिवसपाळीच्या आठवड्यात माणूस उठून किमान अर्धा तास झालेला असावा, नाहीतर झोपेची गुंगी मोजली जाते. रात्रपाळीच्या आठवड्यात झोपायला जाण्याआधी. पाळीच्या तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी, म्हणजे झोपेची थकबाकी साचलेली असते.

चहा आणि तंबाखू बंद करू नका. चहा बंद केला तर माणूसच येत नाही. तंबाखू अचानक तोडली तर तलफेनेच लक्ष उडतं आणि आपण तेच मोजत बसतो. नेहमीची सवय दोन्ही आठवड्यांत सारखी ठेवायची, शेवटचा चहा आणि शेवटची तंबाखू किती वाजता हे लिहून घ्यायचं. जानेवारीतल्या गारठ्यात बोटं आखडलेली असतात, त्यानेही प्रतिक्रियाकाल वाढतो. चाचणीआधी पाच मिनिटं हात शेकोटीवर आणि तापमानाची नोंद.

झोपेसाठी चोवीस चौकोनांचा कागद दिला: झोपलात तो तास काळा करा. सोबत कॅरोलिन्स्का झोपाळूपणा श्रेणी, १ ते ९, मराठीत करून. इथे बहुतेकांनी बरा आकडा दिला आणि "सवय झालीय आता" हे वाक्य जोडलं. २००३ च्या एका प्रयोगात लोकांना १४ दिवस रोज ४ किंवा ६ तासच झोप दिली होती. त्यांची 'झोप येते' ही तक्रार काही दिवसांत एका पातळीवर थांबली, पीव्हीटीतल्या चुका मात्र वाढतच गेल्या. म्हणून "सवय झालीय" हे उत्तर आधार म्हणून नव्हे, तपासायची गोष्ट म्हणून घ्यायचं. पहिल्या आराखड्यातल्या पाच प्रश्नावल्यांनी नेमकं हेच वाक्य ३०० वेळा गोळा केलं असतं.

एका काकांनी खोक्याकडे पाहून म्हटलं, "ताई, रातभर त्या लाईटीची वाट बघायची अन् सकाळी ह्या लाईटीची?" चाचणीचं याहून नेमकं वर्णन करता येत नाही.

संमती

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं माणसांवरच्या संशोधनाला नैतिक समितीची मान्यता मागतात. महाविद्यालयाची समिती नसेल तर विद्यापीठाची किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची गाठावी, आणि आकडे गोळा करायच्या आधी. नंतर मिळालेली मान्यता चालत नाही. वाचता न येणाऱ्याला संमतीपत्र वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्यायची. सरपंच किंवा पतसंस्थेचा माणूस साक्षीदार नको, त्याच्यासमोर नाही म्हणता येत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला मोटरसायकलवर बोलवायचं नाही. खोकं त्याच्याकडे जातं.

हंगामाच्या मध्यावर

दुसऱ्या रब्बीत एका फीडरची शेतीची लाईट सौर प्रकल्पावर गेली आणि कायमची दिवसा यायला लागली. शेतकऱ्यांना हवं होतं तेच झालं, अभ्यासातून मात्र एका बाजूची रात्र गेली. तोवर त्या बाजूच्या २५ पैकी १६ जणांचे दोन्ही आठवडे झाले होते, ९ जणांचा फक्त दिवस.

विद्यार्थिनीला मोह झाला की आता हाच विषय घ्यावा: सौर फीडरने अवधान सुधारतं का? ते करू नये. त्या प्रश्नासाठी घटक आहे फीडर, माणूस नाही, आणि फीडर दोनच आहेत. ९ जणांना टाकून द्यायचीही गरज नव्हती. रेषीय मिश्र प्रारूप (एकाच माणसाच्या अनेक नोंदी एकत्र हाताळणारी सांख्यिकी पद्धत) अपुऱ्या नोंदीही वापरतं, अट एवढीच की नोंद गळण्याचं कारण मोजमापाशी जोडलेलं नसावं. इथे ती वीज वितरणाच्या निर्णयाने गळाली, माणूस फार झोपाळला म्हणून नाही. दमून सोडून गेलेल्यांबाबत हे म्हणता येत नाही, म्हणून गळतीचं कारण प्रत्येकाच्या नावापुढे वेगळं लिहावं. तिसऱ्या, अजून पाळी चालू असलेल्या फीडरवरून माणसं घेतली आणि बदलाची तारीख सल्लागार समितीच्या सहामाही अहवालात नोंदवली.

विश्लेषणात मुख्य माप म्हणून सरासरी प्रतिक्रियाकाल घेऊ नये. समजा पाच प्रतिसाद २५०, २५०, २५०, २५० आणि २००० मिलिसेकंद आहेत. सरासरी ६०० येते, जी पाचांपैकी कुणाचीच नाही. प्रत्येकाचा वेग काढला (१ भागिले सेकंद) तर ४, ४, ४, ४ आणि ०.५, सरासरी ३.३, म्हणजे साधारण ३०३ मिलिसेकंद. झोपेच्या अभावाला हे वेगाचं माप जास्त नेमकं पकडतं. चुकांची संख्या दुसरं माप. बाकी सगळं परिशिष्टात. कुठलं माप मुख्य, हे आकडे उघडण्याआधी लिहून तारखेसह मार्गदर्शकांकडे द्यावं.

कॅलेंडर

२०२२ च्या यूजीसी नियमांत किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६, ती प्रवेशाच्या तारखेपासून. पुनर्नोंदणीने आणखी २ आणि महिलांना त्यावर २, एकूण १० च्या वर नाही. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती या नियमांनी काढली आहे, तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम वाचून घ्यावा.

या विषयात वर्ष मोजायचं ते रब्बीने. रात्रीचं पाणी नेमाने चालतं ते मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पहिली रब्बी कोर्सवर्क आणि नैतिक मान्यतेत गेली, दुसरी मोबाईलच्या फसलेल्या खेपेत आणि अर्ध्या खऱ्या मोजणीत. तिसरीत नव्या फीडरवरचे लोक. तासिकेचं वेतन बरेचदा वर्षाच्या शेवटी एकदम निघतं, आणि पेट्रोल रोज लागतं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिराती म्हणूनच नोंदणी झाल्याच्या दिवसापासून पाहायच्या, नोंदणीची तारीख अटीत असते.

तिसऱ्या हंगामासाठी ऑक्टोबरातच सहा खोकी पुन्हा २५० मिलिसेकंदांवर तपासली. एकाचा मायक्रोस्विच धूळ जाऊन अडकत होता, तो बदलला. आता प्रत्येक पिशवीत खोकं, सुटे सेल, कोरे चौकोनाचे कागद, थर्मामीटर आणि पाइपाचा एक जादा तुकडा असतो.